सोनोग्राफीचा हात बसवताना : स्किल लॅबमधलं पहिलं सत्र कसं उभं करायचं

‘पुढच्या महिन्यापासून पीजींना सोनोग्राफी शिकवायचं तू बघ,’ असं विभागप्रमुखांनी सांगितलं की डोक्यात आधी मशीनचाच विचार येतो. सिम्युलेटर कुठला घ्यायचा, कोटेशन कुणाकडून मागवायचं, अधिष्ठात्यांची सही कधी मिळणार. हा लेख अशा नव्या सहायक प्राध्यापकासाठी किंवा सीनियर रेसिडेंटसाठी आहे. खरेदीचा विषय त्यात मुद्दामच बराच खाली ठेवला आहे, कारण पहिलं सत्र स्वयंपाकघरात बनवलेल्या फँटमवर, म्हणजे शरीराच्या जागी वापरायच्या नकली नमुन्यावर, उत्तम होतं. उलट कोटीभर रुपयांचा सिम्युलेटर वेळापत्रकाअभावी कव्हरखाली धूळ खात पडलेला मी पाहिला आहे.

इथे सोनोग्राफी म्हणजे रेडिओलॉजिस्टची सविस्तर तपासणी नव्हे. भूलतज्ज्ञ, अतिदक्षता विभागातले किंवा कॅज्युअल्टीतले डॉक्टर एका नेमक्या प्रश्नाचं उत्तर शोधायला किंवा सुई योग्य जागी न्यायला खाटेशेजारी जी प्रोब (मशीनचा त्वचेवर टेकवायचा भाग) हातात घेतात, तिच्याबद्दल मी बोलतो आहे.

या कौशल्याची अडचण अशी, की हात एकीकडे काम करतो आणि डोळे दुसरीकडे असतात. स्क्रीनवर सपाट चित्र दिसतं, त्यावरून शरीरातली खोली डोक्यात उभी करायची असते. डाव्या हातातली प्रोब स्थिर ठेवून उजव्या हाताने सुई सरकवायची असते. रात्री दोन वाजता रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाच्या मानेवर हे पहिल्यांदा करून बघणं रुग्णावर अन्याय आहे, आणि शिकणाऱ्यालाही त्या घाईत काही कळत नाही. फँटमवर तो चुकू शकतो, थांबू शकतो, तीच चूक मुद्दाम पुन्हा करून बघू शकतो.

पायरी १ : एकच काम निवडा

दोन दिवसांच्या कार्यशाळेत हृदय, फुप्फुस, पोट, डोळा, नर्व्ह ब्लॉक असं सगळं कोंबायचा मोह होतो. सहभागी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो घेऊन परततात. सोमवारी वॉर्डात प्रोब मात्र कुणी हातात घेत नाही. पहिल्या सत्रासाठी एकच काम घ्या. माझी शिफारस मानेतल्या इंटर्नल जुग्युलर शिरेत सुई घालण्याची, म्हणजे सेंट्रल लाइनच्या (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेल्या नळीच्या) पहिल्या अर्ध्या भागाची.

कारणं दोन. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने सप्टेंबर २००२मध्येच सांगितलं होतं, की नियोजित सेंट्रल लाइनसाठी इंटर्नल जुग्युलरमध्ये सुई घालायची तर सोनोग्राफीखाली घालणं हीच पसंतीची पद्धत असावी. म्हणजे ही हौसेची गोष्ट राहिलेली नाही. दुसरं, इथे यश-अपयश लगेच दिसतं. फँटममधल्या शिरेत निळं पाणी भरायचं आणि शेजारच्या रोहिणीत लाल; सिरिंजमध्ये निळं पाणी आलं तर शीर, लाल आलं तर कॅरोटिड, म्हणजे मानेतली रोहिणी. वादाला जागा नाही.

काम निवडलं की त्याचे तुकडे कागदावर लिहून काढा. योग्य प्रोब निवडणं, प्रोबवरची खूण आणि स्क्रीनवरची खूण एकाच बाजूला आणणं, डेप्थ (किती खोलवर बघायचं) आणि गेन (चित्राचा उजळपणा) लावणं, शीर आणि रोहिणी वेगळी ओळखणं, शीर स्क्रीनच्या मध्यावर आणणं, सुईचं टोक शोधणं, टोक नजरेआड होऊ न देता पुढे नेणं, रक्त आलं की हात न हलवता थांबणं. हीच यादी पुढे शिकवण्याचा क्रम होते आणि परीक्षेचा कागदही होते, म्हणून तिला एक संध्याकाळ द्या. विभागातल्या दोन जुन्या हातांना ती दाखवा. त्यांना हे सगळं इतकं सवयीचं झालेलं असतं, की ‘त्यात शिकवायचं काय?’ असं म्हणतील. मग त्यांना प्रोब हातात घ्यायला सांगा आणि ते करतात ते बघून यादीत भर घाला.

पायरी २ : कायदा आधी, टेबल-खुर्च्या नंतर

बाहेरच्या देशांतल्या मार्गदर्शिका वाचून कामाला लागणारा माणूस आपल्याकडे इथे अडकतो. तिकडे मशीन ढकलत वर्गात नेलं तर कुणी विचारत नाही. आपल्याकडे लिंगनिदानाला आळा घालणारा कायदा आहे. महाराष्ट्राने तो देशात सर्वांत आधी, १९८८मध्ये केला. केंद्राचा कायदा, म्हणजेच पीसीपीएनडीटी, १९९४चा, आणि २००३च्या दुरुस्तीनंतर तो आणखी कडक झाला. सोनोग्राफी मशीन, ते ठेवण्याची जागा आणि ते वापरणारी माणसं या तिन्हींची नोंद लागते. आयसीयूतलं पोर्टेबल मशीन उचलून दुसऱ्या इमारतीतल्या स्किल लॅबमध्ये नेणं ही साधी हलवाहलव नाही. मशीन सील होण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

म्हणून सत्राच्या निदान महिनाभर आधी रेडिओलॉजी विभागात पीसीपीएनडीटीचं काम बघणाऱ्या सहकाऱ्याला भेटा आणि अधिष्ठात्यांमार्फत समुचित प्राधिकाऱ्यांना पत्र द्या. जिल्ह्यात ते सहसा जिल्हा शल्यचिकित्सक असतात, महापालिका हद्दीत पालिकेचे आरोग्य अधिकारी. पत्रात मशीनचा क्रमांक, खोली, तारीख, वेळ, शिकवणाऱ्यांची नावं आणि ‘सराव फक्त फँटमवर होईल’ हे वाक्य असू द्या. उत्तर लेखी घ्या. फोनवरचं ‘करा हो, काही हरकत नाही’ हे उत्तर नव्हे. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मशीन जिथे नोंदलेलं आहे तिथेच फँटम न्यायचं.

गरोदर स्वयंसेविका कुठल्याही परिस्थितीत नको. प्रमाणपत्र देणार असाल तर त्यावर सत्राचं नाव आणि ‘फँटमवरील सराव’ एवढंच छापा. एमबीबीएस डॉक्टरांना पोटाची आणि गरोदरपणातली सोनोग्राफी करण्यासाठी सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचे वेगळे नियम २०१४मध्ये आले आहेत. तुमच्या दुपारच्या सत्राचा त्याच्याशी संबंध आहे असा समज कुणाचाही होता कामा नये.

पायरी ३ : फँटम बनवा

तयार जेलची फँटम बाजारात मिळतात. ब्लू फँटम आणि जपानची क्योतो कागाकू ही त्यांतली जुनी नावं. ती टिकाऊ असतात, दिसायला माणसाच्या मानेसारखी असतात आणि महाग असतात. पहिल्या बॅचला त्यांची गरज नाही.

स्वयंपाकघरातला मार्ग जिलेटिनचा. शरीरातल्या मऊ भागांत ध्वनी सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगाने जातो, आणि मशीन खोली मोजताना हाच आकडा गृहीत धरतं. जिलेटिनच्या घट्ट जेलमधला वेग त्याच्या बराच जवळ असतो, म्हणून त्यातली मापं फारशी चुकत नाहीत. मात्र नुसतं जिलेटिन स्क्रीनवर काळं, रिकामं दिसतं. त्याला मांसासारखा करडा दाणेदारपणा यायला ध्वनी विखुरणारं काहीतरी मिसळावं लागतं, आणि त्यासाठी जगभर वापरली जाणारी वस्तू आपल्या कुठल्याही किराणा दुकानात मिळते : इसबगोल.

एक लिटर पाण्याला ८० ते १०० ग्रॅम बिनचवीचं जिलेटिन आणि मिक्सरमधून बारीक केलेलं इसबगोल साधारण दोन मोठे चमचे, इथून सुरुवात करा. जिलेटिनचा दर्जा आणि इसबगोलची जाडी यांनुसार प्रमाण बदलतं, तेव्हा आधी एका वाटीत थोडं करून प्रोब लावून बघा. जिलेटिन थोड्या थंड पाण्यात दहा मिनिटं भिजत ठेवा, ते फुगेल. मग उरलेलं पाणी गरम करून त्यात घाला आणि हलक्या हाताने ढवळा. रवीने किंवा ब्लेंडरने घुसळू नका. हवेचा प्रत्येक बुडबुडा स्क्रीनवर पांढरा ठिपका होतो आणि त्याच्या मागचं सगळं झाकून टाकतो. वर आलेला फेस चमच्याने काढा. गडद खाद्यरंग घाला. रंगाला चैन समजू नका : फँटम पारदर्शक राहिलं तर मुलं स्क्रीनकडे न बघता आतल्या नळीकडे बघून सुई घालतात. बुरशी लांबवायला चमचाभर क्लोरहेक्सिडीन चालतं. इसबगोल शेवटी भुरभुरवत घाला आणि मिश्रण कोमट होऊन जरा दाटसर झालं की मगच ओता, नाहीतर भुसा तळाशी बसतो.

भांडं म्हणून प्लॅस्टिकचा आयताकृती डबा घ्या. दोन्ही आखूड बाजूंना समोरासमोर भोकं पाडून नळ्या आरपार न्या आणि भोकं एम-सीलने बुजवा. शिरेसाठी पातळ भिंतीची मऊ नळी हवी. पेनरोज ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढायची मऊ रबरी नळी) उत्तम, तो नसेल तर जत्रेत प्राणी बनवून देतात तसला लांबुळका फुगा. रोहिणीसाठी जाड भिंतीची लेटेक्स नळी. शिरेत निळं पाणी, रोहिणीत लाल, आणि आत हवेचा थेंबही नको. शीर पृष्ठभागापासून दीड सेंटिमीटर खोल आणि रोहिणी तिच्या आतल्या बाजूला जरा खाली ठेवा. रोहिणीच्या बाहेर आलेल्या टोकाला पाण्याने भरलेली मोठी सिरिंज जोडून कुणीतरी तालात दाबत राहिलं की स्क्रीनवर नाडी उडते. हे काम इंटर्न आनंदाने करतात.

ओतताना दोन थर करा. खालचा थर फ्रीजमध्ये पक्का होऊ द्या, मगच वरचा ओता, आणि तोही कोमट. गरम ओतलात तर खालचा थर वितळून नळ्या तळाला जातात.

उन्हाळ्याबद्दल एक सूचना. जिलेटिन पस्तीस अंशांच्या आसपास वितळायला लागतं. मे महिन्यात नागपुरात किंवा चंद्रपुरात एसी बंद पडला तर तासाभरात टेबलावर सूप होईल. अशा वेळी अगार, म्हणजेच चायना ग्रास, वापरा. लिटरला २० ते ३० ग्रॅम पुरतात, उकळी आणावी लागते, आणि एकदा घट्ट झाल्यावर ते उन्हाळ्याला दाद देत नाही. ते समुद्री शेवाळातून येतं, त्यामुळे जिलेटिनला हात लावायला ज्यांना संकोच वाटतो त्यांचीही सोय होते. मात्र अगार ठिसूळ असतं आणि सुईच्या वाटा त्यात लवकर साचतात. जिलेटिनमध्येही वाटा उमटतात, पण ते वितळवून पुन्हा लावता येतं.

फँटम क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको. आठवडाभर नीट राहतं. डब्यावर ‘खाण्यासाठी नाही’ असं मोठ्या अक्षरांत लिहा. हॉस्टेलच्या फ्रीजमध्ये लाल-निळ्या जेलीचा डबा किती वेळ सुखरूप राहील, हे मी सांगायला नको.

सुया, सिरिंजा आणि गाइडवायर (सुईतून शिरेत सरकवायची लवचिक तार) यांसाठी स्टोअरमधले मुदत संपलेले सेंट्रल लाइन किट मागून घ्या. मात्र प्रत्येक वस्तूवर ‘केवळ सरावासाठी’ असं ठळक लिहा आणि सत्र संपल्यावर मोजून परत घ्या. सरावाची सुई वॉर्डातल्या ट्रॉलीवर गेली तर काय होईल, याची कल्पना करा. शार्प्सचा, म्हणजे वापरलेल्या सुया टाकायचा, डबा टेबलावरच हवा. सुई फँटममध्ये गेली म्हणून ती बोटात शिरत नाही असं नाही.

पायरी ४ : सत्र

एका मशीनमागे चार जण, फार तर पाच. त्यापुढे गेलं की मागचे दोघे मोबाइल काढतात. चाळीस जणांची बॅच असेल तर दहा छोटी सत्रं करा. एका मोठ्या दिवसात सगळ्यांना बसवणं प्रशासनाला आवडतं, शिकण्याला ते मारक आहे.

तत्त्वांचा भाग सत्राच्या आधीच पाठवा, पंधरा मिनिटांचा. लिनियर, म्हणजे सपाट तोंडाच्या, प्रोबची वारंवारता जास्त, साधारण ५ ते १२ मेगाहर्ट्झ, म्हणून चित्र स्वच्छ पण खोली कमी. पोटासाठीची गोल प्रोब २ ते ५ मेगाहर्ट्झ, तिथे खोली जास्त आणि बारकावे कमी. मानेतली शीर दोन सेंटिमीटरच्या आत असते, म्हणून लिनियर. एवढं कळलं की निम्मं भौतिकशास्त्र झालं.

प्रत्यक्ष शिकवताना पेटन यांची चार टप्प्यांची पद्धत मला सगळ्यात उपयोगी वाटते. आधी शिक्षक काहीही न बोलता, नेहमीच्या वेगाने पूर्ण कृती करतो. मग तीच कृती थांबत थांबत, बोलत करतो. तिसऱ्यांदा विद्यार्थी सांगतो आणि शिक्षक तो सांगेल तेवढंच करतो. चौथ्यांदा विद्यार्थी करतो. बहुतेक शिक्षक तिसरा टप्पा गाळतात, आणि खरी मजा तिथेच आहे. ‘आता सुई पुढे घ्या,’ असं तो म्हणाला की विचारा, ‘कुठल्या कोनात? टोक कुठे आहे?’ त्याच्या डोक्यातलं चित्र कुठे तुटलं आहे ते तिथेच समजतं. आपल्या नव्या अभ्यासक्रमातली डीओएपी पद्धत, म्हणजे दाखवा, बघू द्या, मदतीने करू द्या, मग स्वतः करू द्या, हीसुद्धा याच जातकुळीची आहे, त्यामुळे कागदोपत्री बसवायला अडचण येत नाही.

पहिली दहा मिनिटं सुई बाहेर काढूच नका. प्रोब धरायची पद्धत बघा. करंगळी आणि तळहाताची कड फँटमवर टेकलेली हवी, नाहीतर प्रोब घसरत राहते. मग प्रोबच्या हालचाली एकेक करून घ्या : सरकवणं, तिरपी करणं, डोलवणं, फिरवणं, दाबणं. नवखा माणूस या सगळ्या एकदम करतो आणि चित्र हरवलं की गोंधळतो. ‘आता फक्त सरकव, बाकी काही नको,’ असं सांगून एका वेळी एकच हालचाल करायला लावा. प्रोब दाबली की शीर चपटी होते आणि रोहिणी गोल राहते, हे त्यांना स्वतः शोधू द्या. डेप्थ मुद्दाम बारा सेंटिमीटरवर आणि गेन अगदी कमी ठेवून मशीन त्यांच्या हाती द्या. चित्र सुधारायची जबाबदारी त्यांची.

मग सुई. प्रोबवर जेल लावून ग्लोव्ह किंवा क्लिंग फिल्म चढवा. प्रोबच्या तोंडावर सुईचा एक ओरखडाही लाखांत जाऊ शकतो.

शीर आडवी कापलेली दिसत असताना सुई प्रोबच्या मध्यातून आडवी येते तेव्हा स्क्रीनवर सुईचा फक्त एक पांढरा ठिपका दिसतो. हा ठिपका टोकाचा आहे की दांड्याचा, हे नुसतं बघून कळत नाही. नवख्यांची सगळ्यात धोकादायक चूक इथेच होते. त्यांना ठिपका शिरेत दिसतो, ते खूश होतात, आणि टोक तोवर शिरेची मागची भिंत ओलांडून रोहिणीपर्यंत गेलेलं असतं. उपाय असा : टोक दिसलं की सुई थांबवा आणि प्रोब केसभर पुढे सरकवा, ठिपका नाहीसा होईल; मग ठिपका पुन्हा दिसेपर्यंतच सुई पुढे घ्या. प्रोब, सुई, प्रोब, सुई. हा ताल बसेपर्यंत शिरेकडे जाऊच देऊ नका. जेलच्या मोकळ्या भागातच सराव घ्या.

थोडी भूमितीही सांगा, पीजींना ती आवडते. शीर दीड सेंटिमीटर खोल असेल तर प्रोबच्या दीड सेंटिमीटर मागून ४५ अंशांत सुई घातली की टोक प्रोबच्या प्रतलाला बरोबर शिरेच्या जागी भेटतं. तोवर सुई सुमारे २.१ सेंटिमीटर आत गेलेली असते. तीन सेंटिमीटर आत गेली आणि तरी टोक दिसत नसेल, तर पुढे ढकलण्यात अर्थ नाही. टोक कुठेतरी भलतीकडे आहे.

दुसरी पद्धत सुई प्रोबच्या लांबीच्या रेषेत आणायची. त्यात सुई टोकापासून दांड्यापर्यंत अख्खी दिसते, म्हणून ऐकायला सोपी वाटते. पण ध्वनीचा पट्टा दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपीइतकाच पातळ असतो, आणि सुई तिच्या जरा बाजूला गेली की गायब. असं झालं की नवखा माणूस सुई हलवतो आणि प्रोबही हलवतो, मग दोन्ही कधीच भेटत नाहीत. नियम करा : एका वेळी एकच हात हलेल. सुई हरवली तर सुई थांबेल आणि प्रोब शोधेल. सुई फार उभी घातली तरी ती नीट दिसत नाही, कारण तिच्यावरून परतलेला ध्वनी प्रोबकडे येतच नाही. कोन कमी केला की ती पुन्हा उजळते. हेही करून दाखवा, सांगून पटत नाही.

आणि नजर. सुई घालताना सगळे आपल्या हाताकडे बघतात. मशीन रुग्णाच्या पलीकडच्या बाजूला, शिकणाऱ्याच्या अगदी समोर ठेवा, म्हणजे फँटम आणि स्क्रीन एका रेषेत येतात. मशीन पाठीमागे किंवा बाजूला ठेवून मान वळवत सुई घालणं, ही वॉर्डातली वाईट सवय स्किल लॅबमध्ये आणू नका.

बोलणं कमी ठेवा. सुई आत असताना तीन जण तीन सूचना देतात तेव्हा शिकणाऱ्याला कुणाचंच ऐकू येत नाही. एक फेरी संपली की आधी त्याला विचारा काय जमलं आणि पुढच्या वेळी काय बदलशील. मग एकच दुरुस्ती सांगा.

पायरी ५ : पास कुणाला म्हणायचं

‘पाच वेळा केलं, झालं’ हा निकष चालणार नाही. एकाला तीनदा केल्यावर जमतं, दुसऱ्याला पंधरा वेळा लागतात, आणि दोघेही चांगले डॉक्टर होऊ शकतात. पातळी ठरवा आणि ती गाठेपर्यंत सराव द्या. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या शिक्षकांनी सेंट्रल लाइनसाठी नेमकी हीच पद्धत वापरली. ठरलेली पातळी गाठल्याशिवाय रेसिडेंटला रुग्णाकडे पाठवलं नाही, आणि २००९मध्ये त्यांनी मांडलं की त्यानंतर आयसीयूमधले लाइनमुळे होणारे रक्तातले संसर्ग ठळकपणे घटले.

पातळी ठरवायला पायरी १मधली यादीच घ्या आणि काही गोष्टी ‘हुकल्या तर नापास’ म्हणून अधोरेखित करा. टोक न दिसता सुई पुढे नेणं त्यात पहिलं. सिरिंजमध्ये लाल पाणी येणं दुसरं. बाकीच्यांना गुण द्या. डेन्मार्कच्या शिक्षकांनी बनवलेली ओसॉस नावाची मोजपट्टी यासाठी बघण्यासारखी आहे. तपासणीची गरज, मशीनची ओळख, चित्र सुधारणं, क्रमवार तपासणी, अर्थ लावणं, नोंद आणि वैद्यकीय निर्णय अशा सात बाबी त्यात आहेत. सोनोग्राफीच्या जवळपास कुठल्याही कामाला ती लावता येते.

परीक्षा घेणारा शिकवणाऱ्यापेक्षा वेगळा असला तर उत्तम. आपण शिकवलेल्याला नापास करायला हात जड होतो.

पायरी ६ : दुसरं काम, आणि आता खरेदी

पहिल्या दोन-तीन बॅच नीट झाल्या की फास्ट तपासणी घ्या. अपघातातल्या रुग्णाच्या पोटात किंवा हृदयाभोवती रक्त साठलं आहे का, एवढाच तिचा प्रश्न. यकृत आणि उजव्या मूत्रपिंडामधली जागा, प्लीहा आणि डाव्या मूत्रपिंडामधली, ओटीपोट, आणि छातीच्या हाडाखालून हृदय अशा चार खिडक्या. छाती जोडली की ती ई-फास्ट होते.

इथे जेलचा डबा पुरत नाही. निरोगी पुरुष स्वयंसेवकावर खिडक्या शोधायला शिकवता येतं, अर्थात नोंदलेल्या जागीच आणि लेखी संमतीने. श्वास घेताना फुप्फुसाचं सरकणं दिसतं, श्वास रोखायला सांगितला की ते थांबतं. न्यूमोथोरॅक्समध्ये, म्हणजे फुप्फुसाभोवती हवा साठली तर, न सरकणारं फुप्फुस कसं दिसेल याची चुणूक त्यातून मिळते. स्वयंसेवकात अचानक काही आढळलं, मूत्रपिंडात खडा किंवा यकृतात गाठ, तर काय करायचं हे मात्र आधी ठरवा. बहुतेक वेळा सगळे एकदम गप्प होतात आणि तो बिचारा झोपल्या झोपल्या चेहरे वाचत बसतो. शिक्षकाने त्याला नंतर बाजूला घेऊन रेडिओलॉजीत रीतसर तपासणी करून द्यायची, हे संमतिपत्रातच लिहा.

निरोगी पोटात रक्त मात्र दिसणार नाही, आणि संगणकी सिम्युलेटरची खरी किंमत इथे वसूल होते. त्यात नकली प्रोब असते, ती हलवली की तिच्या जागेनुसार स्क्रीनवर चित्र बदलतं, आणि एका दुपारी दहा वेगवेगळ्या रुग्णांचं पोट बघता येतं. स्त्रीरोग विभागाला तर त्याचा फायदा आणखी मोठा. योनिमार्गातून करायच्या सोनोग्राफीचा सराव सिम्युलेटरवर केलेले नवखे डॉक्टर दोन महिन्यांनंतर खऱ्या रुग्णांवरही सरस ठरले, असं कोपनहेगनच्या अभ्यासात दिसलं आहे. व्हिमेडिक्स, स्कॅनट्रेनर ही या वर्गातली परिचित नावं. ही सोय कायद्याच्या कक्षेत कशी बसते, याचा खुलासा खरेदीपूर्वी समुचित प्राधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. बिलावर ‘अल्ट्रासाउंड’ हा शब्द असला तरी नंतर प्रश्न उठतात.

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न : दरवर्षीचं सॉफ्टवेअरचं शुल्क किती, प्रोब बिघडली तर बदलून कुठून आणि किती दिवसांत येते, केस आपल्याला निवडता येतात का, इंटरनेट बंद पडलं तर यंत्र चालतं का. डेमो विक्रेत्याच्या माणसाने देऊ नये. तुमच्या सगळ्यात नवख्या रेसिडेंटला अर्धा तास बसवा आणि बघा.

पायरी ७ : रुग्णापर्यंत

फँटममध्ये त्वचा घट्ट नसते, मान आखूड नसते, रुग्ण खोकत नाही, आणि नातेवाईक दारात उभे नसतात. म्हणून पास झालेल्याने पहिल्या खऱ्या लाइन्स सीनियर शेजारी उभा असतानाच घालायच्या. ‘सीनियर शेजारी’ म्हणजे ग्लोव्ह घातलेला, स्क्रीन बघणारा; ड्युटी रूममधून फोनवर उपलब्ध असलेला नव्हे. अमेरिकेतल्या आपत्कालीन वैद्यक संघटनेने प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी २५ ते ५० तपासून घेतलेल्या सोनोग्राफी हा मापदंड ठेवला आहे. तो अंदाज म्हणून धरा आणि लॉगबुकात प्रत्येक नोंदीसोबत कुणी पाहिलं, चित्र कसं होतं, हे लिहून घ्या.

कौशल्य वापरलं नाही तर हात विसरतो. सहा महिने सर्जरी पोस्टिंगला गेलेला रेसिडेंट परत आला की त्याला आधी फँटमवर बसवा, मग लाइन द्या. अशा परतलेल्यांसाठी महिन्यातली एक ठरावीक दुपार राखून ठेवा आणि तिची नोटीस ड्युटी लिस्टच्या शेजारीच लावा. नवी बॅच आली की जुन्या बॅचमधल्या दोघांना तिसऱ्या टप्प्याचं काम द्या : नवखा सांगेल ते करायचं आणि त्याने न सांगितलेलं काहीही करायचं नाही. पुढच्या सत्राचं जेलही त्यांनाच बनवू द्या, आदल्या दिवशी, म्हणजे रात्रभर फ्रीजमध्ये पक्कं होईल.